रकाना सातवा

निदानानंतर किती वेळा घर बदललं?
रकाना सातवा. चौकोन एकाच अंकाचा.
नऊच्या पुढे कुणी जात नसावं
असं धरून चाललेला.

होरलो, वय एकसष्ट, यकृत.
मूळ पत्ता झावखान, नदीच्या वरच्या अंगाला.
कुठल्या नदीच्या तेही तिनं सांगितलं,
लिहायला जागा नव्हती.
उलानबातरच्या त्या थंड बाकावर
मफलर न सोडता तिनं उलट मलाच विचारलं,
घर बदललं म्हणजे काय गं?

मी म्हटलं, मुक्काम हलवला. बिऱ्हाड.
ती बोटं मोजायला लागली.
वसंतातला आडोसा, उन्हाळ्यातलं कुरण,
शरदातलं वेगळं,
मग थंडीत डोंगराच्या पोटाशी.
वर्षाला चार. गवत कमी त्या साली सात.
एकसष्ट वर्षांचे किती ते तूच मांड,
पेन तुझ्याकडे आहे.
निदानानंतर म्हणतेस तर एकदाच,
ट्रकमधून, तीन दिवस.
मेंढ्या विकल्या, एकशे चाळीस. घोडा दिराला दिला.
वासे, जाळीच्या भिंती, नमदा, चूल, नारिंगी दार
सगळं आलं बरोबर.
म्हणजे घर नाही बदललं. लिही शून्य.
जागा बदलली.
तिचा रकाना कुठे आहे?

नव्हता.
मी एक लिहिला, पेन्सिलीनं.

जानेवारीत तिच्याकडे गेले.
पाठपुरावा म्हणतात आमच्यात.
उतारावर फळ्यांचं कुंपण, आत तिचं गोल घर,
शेजारच्या कुंपणात गोबीकडचा एकजण, घशाचा,
पलीकडे मायलेकी, दोघींना स्तनाचा.
सगळे आपापल्या गवतावरून उठून
एका इमारतीपासून दोन बसच्या अंतरावर आलेले.
पूर्वी गवत तिथे आम्ही, होरलो म्हणाली,
आता सलाईन तिथे.
छताच्या कड्यातून उतरलेलं ऊन
भांड्यांपाशी पोचलं होतं.
अकरा वाजले, ती म्हणाली. माझ्या घड्याळात अकरा-पाच.
जावई पाण्याचा गाडा ओढत आला,
मिशीवर बर्फ, ओठात शिवी.
आठ महिने एका जागी!
जन्मात इतकी बसले नव्हते.
खालची जमीन कंटाळली असेल मला.

धुरानं खोकला वाढला. कोळसा फोडायला हात उचलेना.
फेब्रुवारीच्या शेवटी फोन आला,
भाचीच्या फ्लॅटमधून, तिसरा मजला.
दार उत्तरेला उघडतं, लिफ्टकडे.
ऊन कोपऱ्याकोपऱ्यात अडकतं, वेळच कळत नाही.
सकाळी चहाचा पहिला डाव आभाळाला द्यायचा
तर खिडकीतून द्यावा लागतो, आणि तो जातो
खालच्या कुणाच्या पांढऱ्या गाडीवर.
रखवालदार दोनदा येऊन गेला.
पहिल्यांदा मी माफी मागितली, दुसऱ्यांदा त्याला चहा पाजला.
ती हसत होती बहुतेक, की खोकत होती,
फोनवर नीट कळलं नाही.
मग म्हणाली,
ऐक, तुझा तो कागद काढ.
आता लिही. एक.
आता खरं बदललं.

मी कागद काढला. तिथे एक होताच,
माझा, पेन्सिलीचा, फिकट, वर्षभर चुकीचा.
त्याच्यावरून शाई फिरवली.
गठ्ठ्यात तो इतरांसारखाच दिसतो.

एप्रिलमध्ये त्या उतारावरून गेले तेव्हा
कुंपणात एक गोल राहिला होता,
पिवळा, दाबलेला, कडेला राख.
बर्फ वितळून ओल त्याच्यापर्यंत आली होती
आणि काठावर थांबली होती.
एक म्हातारा आणि त्याचा मुलगा
ट्रकमधून वासे उतरवत होते.
उव्सहून आलो, म्हातारा म्हणाला, स्वादुपिंडासाठी,
जसं कुणी म्हणावं, लग्नासाठी.
मग पोराला ओरडला,
दक्षिण तिकडे आहे रे, तिकडे,
आणि त्याच गोलावर
दाराची चौकट उभी केली.

माझ्या पिशवीत कोरे अर्ज होते.
मी म्हटलं, आधी चूल पेटू दे.